माकडहाड एक की सहा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या कमरेचे दोन रिपोर्ट आले. कंबर तीच, माणूस तोच, मध्ये अंतर तीन आठवड्यांचं. पहिल्या रिपोर्टात लिहिलं होतं, दोष कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधल्या सांध्यांत आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं, दोष पाचवा मणका आणि त्याच्याखालचं त्रिकास्थी यांच्या मध्ये आहे. दोन्ही कागदांवर सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. सांध्यात सुई घालून औषध सोडायचं ठरलं होतं. आता सुई घालायची कुठल्या सांध्यात?

मोडनिंबहून सोलापूरला अशा कामासाठी जायचं म्हणजे शाळेची एक रजा, एसटीचा हेलपाटा आणि परत येताना कमरेची आणखी वाट. तिसऱ्या खेपेला ज्या डॉक्टरांकडे गेलो ते वयस्कर होते. त्यांनी दोन्ही फिल्म उजेडावर धरल्या आणि म्हणाले, "सर, दोघंही खोटं बोलत नाहीत. तुमचा शेवटचा मणका अर्धा खालच्या हाडाला चिकटलाय. एकानं त्याला कमरेत धरलं, दुसऱ्यानं खाली ढकललं. मानेपासून मोजल्याशिवाय कळायचं नाही."

मी शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. मोजण्यात दोन शिकलेल्या माणसांची अशी चूकभूल होते म्हटल्यावर मला कमरेपेक्षा त्या मोजण्याचंच वेड लागलं. शाळा सुटल्यावर वाचत बसलो. आणि वाचता वाचता लक्षात आलं की पाठीच्या या शेवटच्या टोकाचा हिशेब माणसाला कधीच धड लागलेला नाही. रोम, काशी, बगदाद, कैरो, सगळीकडे मोजणी झाली आणि प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा आला.

आधी शब्दांकडे वळतो, कारण माझा धंदाच तो. कण्याच्या अगदी खालच्या टोकाला आपण मराठीत माकडहाड म्हणतो. हा शब्द कुणी केला माहीत नाही, पण ज्यानं केला त्याला नजर होती. हे शेपटीचं उरलेलं खोड आहे हे त्यानं ओळखलं. या शब्दाचा आणखी एक उपयोग पुढे येईल. अरबी-उर्दूत मणक्याला फिकरा म्हणतात. माझे विद्यार्थी फिकरा म्हणजे वाक्य एवढंच शिकतात, पण मूळ अर्थ मणका. एकेक मणका जोडत कणा होतो, तशी एकेक वाक्यं जोडत इबारत होते. हजरत अलींच्या तलवारीचं नाव जुल्फिकार, म्हणजे मणके असलेली. तिच्या पात्यावरच्या खाचांवरून हे नाव पडलं असं सांगतात. आणि फकीर हा शब्दही याच धातूचा. जुने अरबी कोशकार सांगतात की ज्याचा कणा मोडला तो फकीर. गरिबीची व्याख्या पाठीच्या हाडावरून करणारी भाषा मला दुसरी माहीत नाही.

सांध्याची गंमत तर याहून मोठी. संस्कृतात संधी म्हणजे जोड. अरबीत मफसल, आणि त्याचा धातू फ-स-ल म्हणजे वेगळं करणं. फैसला, फसल आणि आपल्या मराठीतला तपशील हे सगळे त्याच घरातले. इंग्रजांच्या कागदांत शहराबाहेरच्या मुलखाला मुफस्सल म्हणत, तोही शब्द तिथलाच. म्हणजे आमचं मोडनिंब मुफस्सलात आलं. तर एकाच जागेला एक भाषा म्हणते इथं दोन हाडं जुळतात, दुसरी म्हणते इथं दोन हाडं वेगळी होतात. माझ्या शेवटच्या मणक्यावर दोन डॉक्टरांचं जे भांडण झालं ते नेमकं हेच होतं.

आता मोजणीकडे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याला अरब जालीनूस म्हणतात. त्याच्या काळी रोममध्ये माणसाचं प्रेत फाडायची रीत नव्हती, म्हणून तो माकडं फाडत असे. त्याने लिहून ठेवलं की कमरेचे मणके पाच, त्याखालच्या मोठ्या हाडाचे तुकडे तीन, आणि टोकाच्या हाडाचेही तीन. खालचे एकूण सहा. माकडाच्या बाबतीत त्रिकास्थीचे तीन हा आकडा बरोबर आहे. माणसाच्या बाबतीत नाही. माणसाचं त्रिकास्थी पाच मणके मिळून झालेलं असतं आणि त्याखालचं टोक बहुतेकांत चारांचं, कुणात तीन, कुणात पाच. पाच आणि चार नऊ. पण गॅलनचा शब्द पुढे तेराशे वर्षं चालला. माकडाची मोजणी माणसाच्या पाठीवर लागली आणि कुणाला खटकलं नाही. माकडहाड हा शब्द मला म्हणूनच चपखल वाटतो.

इब्न सीनासारख्या माणसानं अकराव्या शतकात अल-कानून लिहिलं त्यातही हाच हिशेब आहे: कतन म्हणजे कंबर, तिचे पाच, अजुज, म्हणजे आपलं त्रिकास्थी, त्याचे तीन, उसउस, म्हणजे माकडहाड, त्याचे तीन. इब्न सीनाचा मी भक्त आहे. जहाज बांधताना खाली आडवं लाकूड आधी टाकतात आणि बाकीचं त्याच्यावर उभं करतात, तसा कणा, हे त्यानं किती सोपं करून सांगितलंय. पण मोजणी त्यानं गॅलनची घेतली. आमच्या ब्लॉगवर इब्न सीनाचं नाव आलं की खाली "आपण जगाला शिकवलं" अशा प्रतिक्रिया येतात. शिकवलं, खरंच शिकवलं. चुकाही तशाच पुढे नेल्या, हेही लिहायला हवं.

आपल्याकडे सुश्रुतानं काय केलं? त्याची पद्धत मला फार आवडते. प्रेत गवतात गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचं, सात दिवसांनी काढून वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्यानं हळूहळू घासत जायचं आणि आतलं एकेक पाहायचं. सुरी लावायची नाही. या रीतीनं पाहून त्यानं शरीरात तीनशे हाडं मोजली. चरकाच्या मोजणीत तीनशे साठ येतात. पाठीत सुश्रुतानं तीस धरली. आणि त्रिकात? एक. नावात तीन, पण मोजणीत एक. सांध्यांचे त्यानं आठ प्रकार केले. मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांचे सांधे त्यानं प्रतर या प्रकारात घातले, म्हणजे थोडं हलणारे, तराफ्यासारखे एकमेकांवर टेकलेले. नितंबाकडचे सांधे वेगळ्या, समुद्ग या प्रकारात, डबीवर झाकण बसावं तसे. कुठला सांधा हलतो, कुठला नुसता बसलेला आहे, हा फरक त्याला दिसला होता.

सुश्रुताचं पुस्तक अरबीत गेलं होतं. हारून रशीदच्या काळात बरमकी वजीर याह्या इब्न खालिद यानं मनका नावाच्या हिंदी वैद्याकडून त्याचा तर्जुमा करून घेतला, किताब सुस्रुद या नावानं. राझीनं आपल्या ग्रंथात त्याचे हवाले दिलेत. म्हणजे त्रिक हे एक हाड, हा आकडा आठव्या-नवव्या शतकाच्या सांध्यावर बगदादेत पोचला होता. तरी तिथल्या मदरशांत गॅलनचे सहाच चालत राहिले. पुस्तक पोचलं म्हणजे मुद्दा पोचला असं नसतं, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

आणि आता ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो. अब्दुल लतीफ बगदादी. जन्म 1162, बगदादचा. हदीस, व्याकरण, तत्त्वज्ञान, वैद्यक सगळं शिकलेला, तोंडाचा जरा तिखट. फिरत फिरत कैरोत गेला आणि तिथे शिकवू लागला. तो तिथे असतानाच नाईलला पूर आला नाही. 1200 ते 1202 या काळात मिसरमध्ये असा दुष्काळ पडला की त्यानं लिहिलेलं वाचवत नाही. लोकांनी माणसं खाल्ली. त्याच्या पुस्तकातली ती पानं मी एकदाच वाचली, परत उघडली नाहीत.

त्याच्याकडे काही मुलं वैद्यक शिकायला येत. गॅलनचं शरीरावरचं पुस्तक चालू होतं आणि मुलांना ते कळत नव्हतं. बोलणं आणि पाहणं यांत अंतर पडतं, असं तो लिहितो. हे वाक्य वाचताना मला माझा सहावीचा वर्ग आठवला. मग कुणीतरी सांगितलं की मक्स नावाच्या जागी एक टेकाड आहे आणि त्यावर प्रेतांचा खच पडलाय. गुरू आणि शिष्य तिकडे गेले. मातीपेक्षा हाडं जास्त. त्याचा अंदाज वीस हजार किंवा त्याहून जास्त. कुणी ताजं, कुणी जुनं.

तिथे त्यानं खालचा जबडा पाहिला. गॅलन म्हणतो जबडा दोन हाडांचा, हनुवटीशी जोडलेला. अब्दुल लतीफला तो एकच दिसला, सांधा नाही, शिवण नाही. त्यानं एक पाहिला, दहा पाहिले, दोन हजारांहून जास्त कवट्या पाहिल्या. दुसऱ्यांना पाहायला लावलं, आपल्यासमोर आणि आपल्या पाठीमागे. सगळ्यांनी एकच सांगितलं. मग त्यानं लिहिलं की जालीनूसची थोरवी कितीही असली तरी डोळ्यांची साक्ष जास्त खरी. हा जबड्याचा किस्सा बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. त्याच्या पुढचा परिच्छेद मात्र कुणी सांगत नाही, कारण त्यात विजय नाही.

तो परिच्छेद त्रिकास्थीचा आहे. तो म्हणतो, जालीनूसनं हे हाड टोकासकट सहा तुकड्यांचं सांगितलंय. मी पाहिलं तर मला ते एकच दिसलं. सगळ्या बाजूंनी पाहिलं, एकच. मग दुसऱ्या प्रेतात पाहिलं तर सहा निघाले, जालीनूस म्हणतो तसे. पुढच्या प्रेतांतही तसंच, फक्त दोन ठिकाणी पुन्हा एक. सांधे मात्र सगळीकडे घट्ट बसलेले. आणि शेवटी लिहितो की जबड्याबद्दल मला जेवढी खात्री आहे तेवढी याबद्दल नाही.

हे मी तीन-चारदा वाचलं. ज्या माणसानं हजार वर्षांच्या उस्तादाला जबड्यावर गाठलं, तो पुढच्याच हाडावर कबूल करतो की मला नक्की सांगता येत नाही. आणि त्याहून एक गोष्ट मला टोचते. आज मोजलं तर तुकडे नऊ भरतात. त्याला सहाच दिसले. सहा हा माकडाचा आकडा. तो डोळ्यांनी पाहायला गेला खरा, पण डोळ्यांत पुस्तक आधीच बसलेलं होतं. जबड्यात आकडा साधा होता, एक की दोन. तिथे पुस्तक डोळ्यांतून निघालं. इथे शिवणी अर्ध्या बुजलेल्या, कुठे रेघ, कुठे नुसती खूण, आणि अशा अंधुक जागी आपण जे वाचलेलं असतं तेच दिसतं. ही माझी समजूत आहे. पण त्याच्या त्या कबुलीमुळेच मला ती मांडता येते. त्यानं ठामपणे सहा किंवा ठामपणे एक लिहिलं असतं तर काही धागाच उरला नसता.

एक की अनेक, हा घोळ होतो कशामुळे, ते हाडातच आहे. लहान मुलाच्या त्रिकास्थीत पाच मणके सुटे असतात आणि मधे कूर्चा असते, म्हणजे कानाच्या वरच्या भागात किंवा नाकाच्या शेंड्यात हाताला लागते तसली लवचिक चिवट वस्तू. वाढत्या वयात ही कूर्चा हाड होत जाते. जोडणी खालून वर चढते, सोळा-सतराव्या वर्षाकडे सुरू होऊन पंचविशी-तिशीपर्यंत चालते. पुष्कळदा मोठ्या माणसाच्या त्रिकास्थीतही आत जुन्या चकतीचा अंश सापडतो, बाहेरून मात्र एकसंध. म्हणजे मक्सच्या टेकाडावर पंधरा वर्षांच्या पोराची हाडं आणि चाळीस वर्षांच्या बापाची हाडं शेजारी पडली असतील तर एकात तुकडे आणि दुसऱ्यात एकच हाड दिसणार. दुष्काळात मरणारे सगळ्या वयाचे असतात.

त्रिकास्थीच्या वर मात्र सांधे आयुष्यभर सुटे राहतात, आणि माझं दुखणं तिथलं. प्रत्येक मणक्याला पुढे एक जाड ठोकळा आणि मागे कमान. दोन ठोकळ्यांच्या मधे गादी असते तिचं नाव आजकाल सगळ्यांना माहीत आहे. कमर दुखली की माणूस म्हणतो गादी सरकली. पण मागे, कमानीवर, डावी-उजवीकडे दोन छोटे सांधे असतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. डॉक्टर त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतात. वरच्या मणक्याची दोन टोकं खाली उतरतात आणि खालच्या मणक्याची दोन टोकं वर येऊन त्यांना बाहेरून कवेत घेतात. डाव्या-उजव्या तळहातांच्या ओंजळीत कुणी दोन बोटं उभी घालावीत तसं.

हे सांधे अगदी गुडघ्यासारखेच असतात, फक्त आकारानं लहान. हाडाच्या टोकावर गुळगुळीत कूर्चेचा पातळ थर. त्या थरात रक्तवाहिन्या नाहीत आणि संवेदनाही नाही. पाणी, चिवट तंतू आणि त्यांत विखुरलेल्या थोड्या पेशी. त्यांना अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, दाब पडतो आणि सुटतो त्या पंपावर. म्हणून हालचाल थांबली की कूर्चा उपाशी राहते. वंगण करणारा पापुद्रा आतून, आणि बाहेरून पूर्ण सांध्याला तंतूंची पिशवी. पुढच्या बाजूला मात्र पिशवी नसते, तिच्या जागी पिवळा बंध असतो. शरीरातले बहुतेक बंध पांढुरके आणि न ताणणारे. हा पिवळा, कारण त्यात रबरासारखे लवचिक तंतू भरलेले. वाकलं की ताणतो, सरळ झालं की आखडतो, आणि मज्जेच्या नळीत घडी पडू देत नाही. उर्दूत कूर्चेला गुजरूफ आणि बंधाला रिबात म्हणतात. रिबात म्हणजे सरहद्दीवरची चौकीसुद्धा. असो, मी पुन्हा शब्दांकडे गेलो.

दुखतं ते कूर्चेत दुखत नाही, पिशवीत आणि खालच्या हाडात दुखतं. आणि प्रत्येक सांध्याला दोन पातळ्यांवरून चेतातंतू येतात, आपल्या आणि वरच्या. म्हणून "नेमकं बोट ठेवा" म्हटलं तर ठेवता येत नाही, सगळा पट्टाच दुखतो. सांध्यांत चरबीच्या बारीक घड्याही असतात, आणि अचानक चमक भरते तेव्हा अशीच एखादी घडी मधे चिमटली जात असावी असं काही तज्ज्ञांचं मत आहे. वरच्या कमरेत हे सांधे दाराच्या फळ्यांसारखे उभे समोरासमोर असतात, म्हणून वाकता येतं पण पिळता येत नाही. सर्वांत खालचे वळून आडवे होतात. त्रिकास्थी उतरतं असतं; त्या उतारावरून सगळी पाठ पुढे घसरू नये म्हणून हे दोन छोटे सांधे खुंट्यासारखे अडवून धरतात. अंगठ्याच्या पेराएवढी जागा, आणि तिच्यावर हा सगळा भरवसा. 1933 साली घॉर्मली नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं या सांध्यांच्या दुखण्याला नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या गादीवरचा लेख छापला. मग सगळं वैद्यक गादीच्या मागे लागलं. छोटे सांधे मागे पडले ते पडलेच.

आपल्या दख्खनेत ही विद्या कशी आली? इब्न सीना तर निजामशाही-आदिलशाहीत घरचाच होता. गार्सिया द ओर्ता हा गोव्याचा पोर्तुगीज हकीम अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाकडे जात असे. त्याच्या 1563 साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात तिथल्या हकिमांशी झालेल्या बोलण्याचे उल्लेख आहेत. इतिहासकार म्हणून आपण ज्याला ओळखतो तो फरिश्ता अहमदनगरहून विजापूरला गेला आणि तिथे त्यानं हिंदी वैद्यकावर फारसीत दस्तूरुल अतिब्बा लिहिलं. या दोन गाद्यांच्या मधे आमचं सोलापूर. चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून दिलेला किल्ला. इकडचा हकीम तिकडे, तिकडचा वैद्य इकडे, हे चालायचंच. पण नव्यानं कुणी हाडं मोजली, असं या दरबारांत झालं नाही. पुस्तकं खूप, टेकाड एकही नाही.

मोजणी युरोपात झाली. 1543 साली व्हेसेलियसनं माणसाची प्रेतं फाडून गॅलनच्या चुका मांडल्या, आणि गॅलन माकडांवर शिकला होता हे सांगून टाकलं. अब्दुल लतीफनंतर साडेतीनशे वर्षांनी. नंतर ही विद्या इंग्रजांबरोबर आली, आणि मला गंमत वाटते ती अशी की सुरुवातीला ती आपल्या भाषांतून आली. 1826 साली मुंबईत सरकारनं देशी मुलांसाठी वैद्यकाची शाळा काढली, तिथे देशी भाषांत शिकवत. ती 1832 ला बंद पडली. 1845 ला ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं ते इंग्रजीत. 1846 ला हैदराबादेत निजामानं वैद्यकाची शाळा काढली ती उर्दूत. म्हणजे परांड्याकडे निजामाची हद्द लागायची तिकडचा मुलगा कूर्चेला गुजरूफ म्हणत डॉक्टर होऊ शकत होता, आणि माढ्याच्या मुलाला आधी इंग्रजी. पुढे उस्मानिया विद्यापीठासाठी 1917 ला दारुल तर्जुमा निघालं आणि वैद्यकाची जाड जाड पुस्तकं उर्दूत आली. आज माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याला युनानी शिकते. तिनं फोनवर मला अजुज आणि उसउस म्हणून दाखवलं तेव्हा मला जेवढा आनंद झाला तेवढा तिच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

माकडहाडाचा विषय निघाला की आपल्या मंडळींत अज्बुज्जनबची हदीस निघतेच, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे: माणसाचं सगळं मातीत जातं, हे हाड राहतं आणि त्यातूनच तो पुन्हा उभा केला जाईल. त्यावर "विज्ञानानं सिद्ध केलं" असे व्हिडिओ फिरतात. मी त्या वाटेला जात नाही. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी पूर्ण आहे, तिला प्रयोगशाळेचा शिक्का लागत नाही. आणि अब्दुल लतीफ हदीस शिकलेला माणूस होता. मक्सवर त्यानं हे हाड हातात घेतलं तेव्हा ती हदीस त्याला माहीत असणारच. तरी त्यानं लिहिलं ते फक्त दिसलं तेवढं.

माझे दादा पिंजारी होते. दिवसभर पिंजणीवर वाकायचं, ताँ ताँ असा आवाज, घरभर कापूस. 1972 च्या दुष्काळात पिंजायला कापूस नव्हता तेव्हा ते खडी फोडायला गेले. सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले, हे दादी शेवटपर्यंत सांगायची. आमच्याकडून पंढरपूरला जाताना आष्टीचा तलाव लागतो, तोही इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामातूनच उभा राहिला. किती पाठी त्यात गेल्या त्याची नोंद कोण ठेवणार? दादांची कंबर धरली की दादी शेजारच्या काकूंना बोलावायची. त्या पायाळू होत्या, जन्मताना पाय आधी आलेल्या. उसण भरलेल्या माणसाच्या कमरेला पायाळूनं पाय लावला की उसण जाते, असं गावात सगळेच मानायचे, मराठा असो की मुसलमान. काकू लाजत पाय लावायच्या, दादा "अल्ला" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिंजणीवर.

ते गेले तेव्हा मी बीएडला होतो. गुस्लला पाणी ओतायला मी होतो. तख्तावर त्यांची पाठ टेकेना. मधे उशीएवढी पोकळी राहिली आणि डोकं वर उचललेलं. कुशीवर वळवलं तेव्हा माझा हात कण्यावरून गेला. मणके वेगळे लागत नव्हते, एकच काठी लागत होती, जणू त्यांचे सगळे मफसल संपले होते. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. मोठ्या चाचांनी सांगितलं, जोर लावू नको, आहेत तसेच असू दे.

तर माझ्या रिपोर्टांचं काय झालं ते सांगून थांबतो. वयस्कर डॉक्टरांनी मानेपासून खालपर्यंत सगळ्या कण्याचा फोटो काढायला लावला. मग स्क्रीनसमोर बसून पेन्सिलीच्या टोकानं वरून मोजत आले, मानेचे सात, छातीचे बारा, आणि खाली. मी शेजारी उभा राहून मनात मोजत होतो. माझा आकडा एकानं चुकला, पुन्हा मोजला. चिकटलेल्या मणक्यावर ते थांबले. एका बाजूनं तो त्रिकास्थीत विरून गेलेला, दुसऱ्या बाजूला बारीक रेघ. म्हणाले, "हा पाचवाच धरू. पण धरलाय असं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळेल." आणि खरंच रिपोर्टच्या कडेला बॉलपेननं लिहिलं: मोजणी मानेपासून, शेवटचा मणका पाचवा धरला आहे. खाली सही.

सुई पुढे ढकलली. व्यायाम दिलेत, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं. मशिदीत अजून खुर्चीवरच बसतो, मागच्या रांगेत, आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांच्या बरोबर.